पेशंट नसला तरी या

केसपेपरच्या खिडकीशी एक बाई उभी होती. हातात नवऱ्याच्या नावाची जुनी चिठ्ठी, घड्या पडून पडून कापडासारखी मऊ झालेली. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "पेशंट कुठंय?"

"घरी. यायला तयार नाहीत."

"मग केसपेपर कुणाचा काढू? तुमचा?"

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. बाई बाजूला झाली, भिंतीला टेकून उभी राहिली, पण गेली नाही. मी त्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेवा अधीक्षक होते आणि खरं तर चहाला निघाले होते. तिला विचारलं, "तुम्हाला स्वतःला झोप लागते का हो?" ती म्हणाली, "चार वर्षं झाली, नाही लागत." मग मी खिडकीत वाकून सांगितलं, यांच्याच नावाचा काढा. तक्रारीच्या रकान्यात 'झोप येत नाही' असं लिहिलं गेलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

हे पुस्तक त्या बाईसारख्यांसाठी आहे. घरात कोणी दारू, गर्द, गांजा किंवा झोपेच्या गोळ्यांत अडकलेलं आहे, कोणाचं मन आजारी आहे, आणि मदत कुठं मिळते हे शोधायचं काम ज्यांच्या गळ्यात पडलं आहे, त्यांच्यासाठी. आमच्या विभागात महिन्यातून एकदा नातेवाइकांची बैठक व्हायची. चारचौघांत तोंडानं विचारायला लाज वाटते, म्हणून बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवला होता. त्यात चिठ्ठ्या पडायच्या. सतरा वर्षांच्या चिठ्ठ्या जमल्या. संपादकांनी त्या निवडल्या, लावल्या आणि त्यांच्याभोवती ही प्रकरणं लिहिली. प्रस्तावनेच्या निमित्तानं मी त्या सगळ्या पुन्हा वाचल्या. वेगवेगळ्या अक्षरांत, कधी शाळेच्या वहीच्या फाडलेल्या पानावर, कधी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर, एकच प्रश्न सारखा येत राहिला: 'तो तयारच नाही, मग आम्ही काय करायचं?'

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत ह्या प्रश्नाला मी सरकारी उत्तर देत असे. त्यांना घेऊन या, मग बघू. माणसं मान हलवून जायची आणि परत यायची नाहीत. पेशंट तयार व्हायची वाट बघताना घरांची वर्षं जातात. कधी जमिनीचा तुकडा जातो, कधी मुलीची शाळा, कधी जीव. आता मी म्हणते, जो माणूस घराबाहेर पडू शकतो, बस धरू शकतो, रांगेत उभा राहू शकतो, त्याच्यापासून उपचार सुरू करा. आजारी माणूस मागून येतो. येईलच असं नाही, पण येण्याची शक्यता वाढते.

हे नुसतं माझं म्हणणं असतं तर मी इतक्या खात्रीनं लिहिलं नसतं. रॉबर्ट मेयर्स ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घरच्यांना शिकवायची एक पद्धत बसवली. पिणारा माणूस शुद्धीवर असण्याची वेळ कोणती, तेव्हा काय बोलायचं आणि काय मुळीच बोलायचं नाही; प्यायलेला असताना कोणती उठाठेव थांबवायची; मारहाणीचा धोका असेल तर आधी आपण कुठं जायचं; आणि तो एखादे दिवशी 'बघू या डॉक्टर' म्हणाला, तर त्याच दिवशी कुठं न्यायचं, हे आधीच ठरवून ठेवायचं. न्यू मेक्सिकोतल्या १३० नातेवाइकांबरोबर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ साली छापून आले. ही पद्धत शिकलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांच्या घरातला पिणारा माणूस उपचारांना आला. सगळ्यांनी मिळून त्याला समोर बसवून जाब विचारायचा, ह्या पद्धतीत तो आकडा ३० टक्के होता. आपल्याकडे घरोघरी चालते ती ही दुसरी पद्धत: मामांना बोलवा, साडूंना बोलवा, सगळे बसा, मधे त्याला बसवा. तो सगळं कबूल करतो, पाया पडतो, आणि पाहुण्यांना स्टँडवर सोडायला म्हणून जातो तो पिऊनच येतो.

लोक मदत घेत नाहीत, असं आपल्याकडचे अहवाल सांगतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या देशव्यापी पाहणीत, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळाल्याचं दिसलं. दाखल होऊन उपचार मिळालेला १८० जणांत एक. त्याआधी २०१५-१६ साली निम्हान्सनं केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांबाहेर होते. आकडे खरे आहेत. पण ही माणसं घरात हातावर हात ठेवून बसली होती असा त्यांचा अर्थ कोणी काढू नये. माझ्यासमोर आलेलं जवळपास प्रत्येक घर आधी तीन-चार ठिकाणी जाऊन आलेलं असायचं. देवऋषी, उतारा, अंगारा. बुलढाण्याकडची माणसं सैलानीबाबांच्या दर्ग्यावर जाऊन आलेली. कोणी माळ घालून आलेला. आणि बहुतेक सगळ्यांच्या पिशवीत एक पुडी.

माळेबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण आमच्या डॉक्टर मंडळींना ती फार लवकर अंधश्रद्धा वाटते. तुळशीची माळ घालून दारू सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. माळ घालताना माणूस चारचौघांत शब्द देतो. गावातले वारकरी त्याच्यावर लक्ष ठेवतात, एकादशीला बोलावतात, वारीला बरोबर नेतात, आणि लग्नाच्या वरातीत कोणी त्याच्यापुढे ग्लास करत नाही. आधारगटात ह्याहून वेगळं काय असतं? अडचण पुढची आहे. माळकरी एकदा घसरला की त्याला परतीची वाट राहत नाही. तो शरमेनं माळ उतरवून देव्हाऱ्यात ठेवतो आणि पहिल्यापेक्षा जास्त पितो. व्यसनमुक्तीच्या गटात घसरण्याला 'स्लिप' म्हणतात आणि त्याच संध्याकाळी त्याला परत बोलावतात. माळ घातलेल्या माणसाला गटही मिळाला, तर मला त्याहून बरं काही सुचत नाही.

पुडीबद्दल मात्र माझं मन एवढं मोठं नाही. एसटी स्टँडच्या भिंतीवर, लोकलच्या डब्यात, पेपरच्या छोट्या जाहिरातीत 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा' असं लिहिलेलं असतं, खाली मोबाइल नंबर. आमच्या डब्यात एक चिठ्ठी होती: 'पावडर आमटीत घालावी की चहात, चव कशात कळत नाही?' पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नसतं. कधी नुसती पावडर, पैसे पाण्यात. पण डायसल्फिरामची गोळी कुटून गुपचूप दिल्याचे प्रकारही आमच्याकडे आले. हे औषध चांगलं आहे, नीट वापरलं तर. दारू शरीरात मोडताना एक विषारी पदार्थ तयार होतो. हे औषध तो पुढे मोडू देत नाही. त्यावर प्यायलं की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ज्याला हे माहीत आहे आणि ज्यानं स्वतः होकार दिला आहे तो प्यायला घाबरतो, म्हणून ते चालतं. ज्याला माहीत नाही तो नेहमीसारखी क्वार्टर लावतो आणि जिवावर बेततं. वाचला तरी त्या दिवसापासून बायकोच्या हातचं खात नाही. ज्या एका माणसावर त्याचा विश्वास उरला होता तोही गेला, आणि आता त्याला दवाखान्यात कोण आणणार?

आता ह्या पुस्तकाच्या सगळ्यात लांब प्रकरणाकडे येते: मनाचा आजार आणि व्यसन, दोन्ही एकाच माणसात. मी संपादकांना ते आणखी लांब करा म्हणाले होते.

एक एसटीचा वाहक आठवतो. भावाच्या मृत्यूनंतर त्याची झोप गेली. पहाटे तीनला जाग येई आणि मग छातीवर दगड ठेवल्यासारखं होई. कोणीतरी सांगितलं, नव्वद घे, झोप लागेल. लागली. दारूनं झोप लवकर लागतेच; उत्तररात्री ती मोडते, आणि रोज घेतली की मनाची उदासी वाढत जाते. मग नव्वदची क्वार्टर झाली. वर्षभरानं बायकोनं त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. ते म्हणाले, आधी दारू बंद करा, मग औषध देतो. तिनं व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. तिथं त्यानं मरायचे विचार येतात असं सांगितलं, तर ते म्हणाले, ही मानसिक केस आहे, आम्ही घेत नाही. आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या बायकोजवळ दोन फायली होत्या, एक हिरवी, एक पिवळी, आणि एकीतल्या कागदाला दुसरीतलं काही ठाऊक नव्हतं.

मन आधी बिघडलं की दारू आधी आली, हा प्रश्न नातेवाईक फार विचारतात, कारण त्यात दोष कुणाचा हे दडलेलं असतं. डॉक्टरलाही पहिल्या दिवशी तो सुटत नाही. दारू थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत पुष्कळांची उदासी बरीच उतरते. ज्यांची उतरत नाही त्यांचा मूळ आजार वेगळा आहे हे तेव्हा कळतं. पण तोवर 'नंतर या' म्हणणं हा उपचार होत नाही. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या माणसाला तर दोन आठवड्यांची मुदत देताच येत नाही. दोन्ही आजार एकाच वेळी, एकाच ठिकाणी, निदान एकमेकांशी बोलणाऱ्या दोन ठिकाणी बघायला हवेत. कायदाही हेच धरून चालतो: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तीत दारू आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनाशी निगडित मानसिक अवस्था घातलेल्या आहेत. म्हणून कुठंही फोन केलात की पहिला प्रश्न हा विचारा: तुम्ही दोन्ही बघता का?

ह्याच्याच उलट बाजूची एक चूक. काही केंद्रांत, स्वतः व्यसनातून बाहेर आलेले समुपदेशक कळकळीनं सांगतात की गोळ्यासुद्धा नशाच, त्याही सोडा. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची सवय लागते, हे खरं आहे. अल्प्राझोलामच्या पट्ट्या चिठ्ठीशिवाय मिळवून खाणारी माणसं मी पाहिली. पण नैराश्यावरच्या किंवा स्किझोफ्रेनियावरच्या गोळ्या त्यांत मोडत नाहीत. नैराश्याची गोळी लागू पडायलाच दोन ते चार आठवडे लागतात. जी चीज घेतल्यावर महिनाभर काही वाटत नाही तिची नशा कोण करेल? त्या अचानक बंद केल्या की आजार उलटतो. आणि सगळ्या दोषाचं खापर 'इच्छाशक्ती'वर फुटतं.

अचानक बंद करण्यावरून आठवलं. गटारी अमावास्या झाली की चार-पाच दिवसांत आमच्या वॉर्डात ठरावीक गर्दी व्हायची. वर्षभर रोज पिणारा माणूस गटारीला शेवटची भरपूर पितो आणि श्रावण पाळायचा म्हणून दुसऱ्या दिवशी एकदम थांबतो. घरात आनंद. पहिल्या-दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, काहींना फिट येते. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर मुंग्या दिसतात, मेलेले नातेवाईक हाका मारतात, तो अंगणात कुणाशी तरी भांडतो. लोक म्हणतात, बाहेरचं झालं. किंवा म्हणतात, बघा, दारू सोडली की डोकं फिरतं, थोडी द्या. दोन्ही चूक. रोजच्या दारूला सरावलेला मेंदू ती तुटल्यावर बेभान होतो. ही वैद्यकीय तातडी आहे, उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो, आणि उपचार झाले तर आठवड्याभरात बहुतेकदा निवळतो. काही दिवस कमी करत नेलेली औषधं, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणि डॉक्टरची नजर, एवढंच लागतं. जो सकाळी उठल्याउठल्या हाताचा कंप थांबवायला पितो, त्यानं श्रावण जरूर पाळावा, पण डॉक्टरला सांगून.

महाराष्ट्रात ही मदत उभी कशी राहिली, ते पुस्तकात एका छोट्या प्रकरणात आहे. ऐंशीच्या दशकात गर्द मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत आली. ती तुटल्यावर होणाऱ्या हालांना पोरं 'टर्की' म्हणायची, आणि आईवडिलांना ते काय आहे हेही कळत नव्हतं. अनिल अवचटांनी त्या पोरांवर लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी पुढे केली. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता तेव्हा येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच रुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं. मला त्यातली जागा महत्त्वाची वाटते. ज्या येरवड्याच्या, ठाण्याच्या, रत्नागिरीच्या, नागपूरच्या नावानं आपण एकमेकांची टिंगल करतो, त्यांतल्याच एका आवारात हे केंद्र उघडलं. मन आणि व्यसन ह्यांची दारं शेजारी होती. आणि दुसरी गोष्ट, बायकांची. मुक्तांगणात पत्नींचा 'सहचरी' गट झाला. नवरा आत दाखल असो वा नसो, तिचं दुःख हे तिचं आहे असं मानलं गेलं. पिणाऱ्या स्त्रियांसाठी पुढे 'निशिगंध' विभाग झाला. आमच्या डब्यात पिणाऱ्या बायकांबद्दलच्या चिठ्ठ्या सतरा वर्षांत फक्त अकरा आल्या, आणि त्यांतल्या सात निनावी. पिणाऱ्या बायका कमी आहेत, हे एक कारण. दुसरं, पुरुषाला बायको घेऊन येते. बाईला कोण घेऊन येणार?

अल्कोहोलिक्स अनॉनिमसची गोष्ट त्याहून जुनी आहे. १९३५ साली ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावात बिल नावाचा शेअरदलाल आणि बॉब नावाचा सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांना भेटले आणि एकमेकांशी बोलत राहण्यानं न पिता राहता येतं हे त्यांना कळलं. आज ह्या गटांच्या सभा आपल्या शहरांत चर्चच्या खोल्यांत, शाळांच्या वर्गांत भरतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, बाहेरची देणगी घेत नाहीत. माणूस उठतो, पहिलं नाव सांगतो, मी बेवडा आहे म्हणतो, आणि सगळे त्याला नमस्कार करतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे नाटकी वाटतं. तिसऱ्यांदा वाटत नाही. बिलची पत्नी लोईस ह्या सभांच्या वेळी बाहेर थांबणाऱ्या बायकांपैकी एक. १९५१ मध्ये त्यांच्यातूनच नातेवाइकांचा वेगळा गट झाला, अल-अनॉन. मघाच्या न्यू मेक्सिकोच्या अभ्यासात अल-अनॉनच्या वाटेनं गेलेल्यांपैकी १३ टक्क्यांच्याच घरचा माणूस उपचारांना आला. हा आकडा दाखवून एका डॉक्टरांनी मला विचारलं होतं, मग उपयोग काय? अल-अनॉनचा हेतू त्याला आणणं हा नाहीच. तो पीत राहिला तरी तिला जगता यावं, हा आहे. दोन्ही लागतं.

मनोविकारांच्या बाजूनं पाहिलं, तर नातेवाइकांनी उभं केलेलं सगळ्यात ठळक काम म्हणजे पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन. धुळ्याकडचे, कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांच्या पुढाकारातून ही संस्था झाली आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपटही, २००४ साली. त्यात आजारी आहे अतुल कुलकर्णीचा शेष. पण परत पाहाल तेव्हा सोनाली कुलकर्णीच्या बहिणीकडे बघा. भावाला घरी आणल्यावर तिच्या संसाराचं, तिच्या झोपेचं, नवऱ्याशी बोलण्याचं काय होतं ते. आमच्या बैठकीत आम्ही हा चित्रपट दाखवत असू, आणि नंतरची चर्चा नेहमी त्या बहिणीवर व्हायची.

खेड्यातला वाचक इथं म्हणेल, पुण्या-ठाण्याचं झालं, आमचं काय? त्याच्या तक्रारीत तथ्य आहे, आणि तरी दोन गोष्टी सांगते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाच्या प्रकल्पात गावातल्याच कार्यकर्त्यांना नैराश्य ओळखायला आणि बोलायला शिकवलं. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले चार जण कुणाची तरी मदत घेत होते. दीड वर्षात ते सत्तावीस झाले. गोव्यात 'संगाथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी बोलायला साधे शिकलेले लोक नेमले. डॉक्टर नाहीत, मानसशास्त्राची पदवी नाही. एक ते चार भेटी. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले ४२ टक्के निघाले. ज्यांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यात १८. म्हणजे तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नाही म्हणून काहीच होणार नाही, हे खरं नाही. ज्या गावांत बायकांनी मतदानानं बाटली आडवी केली, तिथल्या बायकांना हे काम येणार नाही असं मला वाटत नाही. दारूचं दुकान बंद करून मंडळी घरी जातात, आणि दुकानाच्या दारात जो बसायचा तो दुसऱ्या गावात जाऊन पितो. त्याच्याशी बोलायचं राहून जातं.

वाईट केंद्रांबद्दल पुस्तकात वेगळं प्रकरण आहे. ते पैसे भरण्याआधी वाचा. रात्री जीप पाठवून माणसाला उचलून नेणारी केंद्रं आहेत, आणि पुष्कळदा घरच्यांनीच दमून तो फोन केलेला असतो. मी त्यांना दोष देत नाही. माझ्या चुलतभावाला असंच एका ठिकाणी नेलं होतं. दीड महिना घरच्यांना भेटू दिलं नाही, आणि परत आला तेव्हा डोकं भादरलेलं होतं आणि पाठीवर वळ होते. तो पुन्हा कुठल्याही दवाखान्याची पायरी चढला नाही. २००१ साली तमिळनाडूत एरवाडीला साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं आगीत जळून मेली, तेव्हा देश हादरला होता. २०१७ च्या कायद्यानं साखळीनं बांधायला बंदी घातली. बळजबरीनं मुंडण करता येत नाही, स्वतःचे कपडे घालू द्यावे लागतात, फोन आणि भेटी हा हक्क आहे. इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर त्याला अटी आहेत, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि पहिली मुदत ३० दिवसांपर्यंतचीच. 'महिनाभर भेटायचं नाही, तो आमचा नियम आहे' असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. नोंदणीचा कागद मागा, डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात ते विचारा, रात्री फिट आली तर कुठल्या रुग्णालयात नेता ते विचारा. ह्या तीन प्रश्नांवर जे चिडतात ते केंद्र तुमच्या कामाचं नाही.

फोन नंबर पुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर छापले आहेत, पण काही जण प्रस्तावनेपर्यंतच येतात म्हणून इथंही लिहिते. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत. व्यसनासाठी १४४४६. मरायचा विचार बोलून दाखवला, किंवा विष-औषध घेतलं अशी शंका आली, तर १०८. पोलिस केस होईल ह्या भीतीनं विष प्यायलेल्या माणसाला घरी ताक पाजत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. आताच्या कायद्याप्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस अतीव तणावाखाली होता असं गृहीत धरलं जातं, आणि त्याला शिक्षा करण्याऐवजी त्याच्या उपचारांची सोय करणं हे सरकारवर बंधनकारक आहे. आधी गाडी बोलवा.

पुस्तकात उणिवा आहेत. मोबाइलच्या आणि ऑनलाइन जुगाराच्या नादावर चार पानंच आहेत, ती अपुरी आहेत. तंबाखूवर तर संपादकांशी माझं भांडणच झालं. बैठकीला येणारे निम्मे नातेवाईक गाल फुगवून बसायचे आणि व्यसनावर बोलायचे. ते प्रकरण पुढच्या आवृत्तीत घालतो म्हणाले आहेत. बघू.

ती केसपेपरवाली बाई त्यानंतर अकरा महिने एकटी येत राहिली. काय केलं तिनं? फार मोठं काही नाही. साखर कारखान्यात फोन करून 'त्यांना ताप आहे' सांगणं थांबवलं. रात्री एकला उठून ताट वाढणं थांबवलं. ताट झाकून ठेवायची आणि झोपायची. प्यायलेला असताना भांडायचं नाही, सकाळी सातला, चहाच्या वेळी, एकच वाक्य बोलायचं, हे तिनं बैठकीत घोकून घोकून पाठ केलं. तिच्या केसपेपरवर औषध कधीच लिहिलं गेलं नाही, पण पाचव्या महिन्यात तिनं सांगितलं की सलग सहा तास झोप लागते.

बाराव्या महिन्यात फाटकाबाहेरच्या टपरीवर एक माणूस दिसला. आत आला नाही. ही दर महिन्याला कुठं जाते, कुणाला भेटते, हे बघायला आला होता. पुढच्या महिन्यात पुन्हा टपरीवर. त्याच्या पुढच्या महिन्यात तो खिडकीच्या रांगेत उभा होता, दाढी केलेली, हात थोडे थरथरत होते. खिडकीतला माणूस तोच. "पेशंट कोण?" त्यानं खिशातून बायकोचा जुना केसपेपर काढून आत सरकवला आणि म्हणाला, "हिच्या कागदावरच माझंही लिहा की."

"तसं चालत नाही," खिडकीतला म्हणाला. "तुमचा वेगळा काढावा लागेल. पाच रुपये सुट्टे द्या."